दिवाडी बेटावर हात दाखवताना

(कोजागिरीच्या रात्री आपल्या ओपन स्पेसमध्ये झालेले भाषण. बोलताना काही राहून गेले होते, ते स्मरणिकेसाठी लिहून काढताना घातले आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'ज्येष्ठांचे मार्गदर्शन' असे छापले आहे. मार्गदर्शन करण्यासारखा माझ्याजवळ एकच विषय होता, तो म्हणजे मुदत ठेव. तिचे व्याजदर आता तुम्हाला मोबाईलवर माझ्याआधी कळतात. म्हणून मी आज एका प्रवासाचं सांगणार आहे. फार मोठा प्रवास नाही. नदीतलं एक छोटं बेट एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत ओलांडायचं होतं, एवढंच. पण तेवढ्यात, वयाच्या ७२ व्या वर्षी, मी पहिल्यांदा अनोळखी माणसाला हात दाखवून लिफ्ट मागितली आणि त्याच दुपारी बायको हरवून बसलो. हिच्या मते मी हरवलो होतो. तो वाद अजून मिटलेला नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत पणजीला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही दोघंच निघालो. आपल्याला गोव्याला जायचं म्हणजे आधी अकोला गाठायचं. महान, बार्शीटाकळी करत एसटी. माझं तिकीट वयामुळे अर्धं, हिचं महिला म्हणून अर्धं. म्हणजे हिशेबाने दोघं मिळून एकच माणूस अकोल्याला पोचला. तिथून संध्याकाळी नागपूर-मडगाव गाडी. ती तेव्हा आठवड्यातून दोनच दिवस असायची, त्यामुळे लग्नाच्या आधीच जाऊन बसावं लागलं आणि एक दिवस मोकळा मिळाला.

त्या दिवसाचं काय करायचं ते हिने मंगरूळपीरलाच ठरवून ठेवलं होतं. समुद्र नाही, बाजार नाही. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं मंदिर पाहायचं. का, तर ते शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेलं आहे.

या मंदिराची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या धावपळीचं मूळ तिथंच आहे. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं दैवत. त्याचं जुनं देऊळ दिवाडी नावाच्या बेटावर होतं. मांडवी नदीच्या पात्रात, पणजीपासून दहाएक किलोमीटरवर हे बेट आहे. जुनं देऊळ आधी बहमनी फौजांनी पाडलं, मग विजयनगरच्या काळात माधव मंत्र्यांनी ते पुन्हा उभं केलं आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलं. तेव्हा भक्तांनी देव नदीपलीकडे नेला, डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला. तिथं १६६८ मध्ये महाराजांनी जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. तसा शिलालेख मंदिरावर आहे. अलीकडे गोवा सरकारने पुन्हा दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये मंदिर नव्याने खुलं झालं. म्हणजे देवाने जी नदी ओलांडली तीच आम्हाला ओलांडायची होती.

सहकारी म्हणाले, "गाडी केली तर पुलावरून लांबून फिरून जावं लागेल. त्यापेक्षा दिवाडीवरून जा. जुन्या गोव्याहून फेरीबोट, बेट ओलांडायचं, पलीकडच्या काठाला दुसरी फेरीबोट. उतरलात की नार्वे."

मी विचारलं, "बेट कशानं ओलांडायचं?"

"बस असते. नसली तर सोडेल हो कोणीतरी."

माझी नोकरी सगळी कर्ज खात्यात गेली. 'कोणीतरी' हा शब्द आमच्या फायलीत चालत नाही. जामीनदाराचं नाव लागतं, पत्ता लागतो. पण ही म्हणाली, "चला."

जुन्या गोव्यात त्या मोठमोठ्या चर्चेसच्या मागून एक रस्ता नदीकडे उतरतो. त्यावर एक दगडी कमान आहे, वास्को द गामाच्या पणतवाने व्हाइसरॉय असताना उभारलेली. एके काळी नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून या कमानीखालून शहरात शिरायचा. आम्ही उलट दिशेने, हातात पाण्याची बाटली घेऊन, तिच्याखालून बाहेर पडलो. समोरच धक्का. फेरीबोट म्हणजे लोखंडाचा एक मोठा सपाट तराफाच. काठाला लागली की पुढचा पत्रा खाली टेकतो, स्कूटर, मोटारी, माणसं चढतात, पत्रा वर होतो आणि बोट निघते. पायी माणसाला तिकीट नाही. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. सरकारी सेवा फुकट म्हटली की मला शंका येते.

पाच-सात मिनिटांत पलीकडे. आणि इथं बेटाचा पहिला नियम कळला, जो आम्हाला कोणी सांगितला नव्हता. बेटावर वाहतूक सारखी वाहत नाही. ती बोटीबरोबर येते. पत्रा टेकला की सगळी वाहनं एकदम सुटतात, दोन मिनिटं कल्लोळ, आणि मग पुढची बोट लागेपर्यंत रस्ता मोकळा. त्या दोन मिनिटांत आम्ही काय केलं? मी झाडाखाली उभं राहून चष्मा पुसला. चष्मा घातला तोवर शेवटची स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली होती. रस्त्यावर एक कुत्रं आणि आम्ही दोघं.

मी म्हटलं, चालू या. माझा डावा गुडघा तुम्हाला सर्वांना माहीत आहे. गणपतीच्या आरतीला मी खुर्ची मागतो तेव्हा तुम्ही पाहताच. दोन्हीकडे सपाट शेतं, डोक्यावर ऊन. पंधरा मिनिटं चाललो असू. मागून आवाज आला. पुढची बोट लागली होती.

ही म्हणाली, "अहो, हात दाखवा ना. एसटीले दाखवता तसा."

'हात दाखवा, एसटी थांबवा' हे आपल्या महामंडळानेच शिकवलंय. पण एसटीला हात दाखवणं वेगळं. तिथं आपण तिकीट काढणार असतो. मी हात अर्धा वर नेला आणि केस सारखे केल्यासारखं करून खाली आणला. दोन गाड्या गेल्या. "थांबा, मीच दाखवतो," असं म्हणून ही रस्त्याच्या कडेला पुढे झाली आणि हात असा सरळ आडवा धरला, की मागून येणारा छोटा टेम्पो थांबलाच. मागे भाजीचे क्रेट होते. ड्रायव्हरने "खंय वतात?" विचारलं. ही म्हणाली, "नार्व्याले." दोघांचंही एकमेकांना कळलं. आम्ही पुढे त्याच्या शेजारी दाटीवाटीनं बसलो.

तो पिएदादपर्यंत जाणारा होता. ते बेटावरचं मोठं गाव. बोलका माणूस. मी शेतांबद्दल विचारलं, तर त्याने गाडी हळू केली आणि हात बाहेर काढून दाखवायला लागला. ही खाजण जमीन. मूळची खाडीची, बांध घालून नदीपासून सोडवलेली. बांधात जागोजाग लाकडी दारं असतात, त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप लागतं आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की उघडतं आणि आतलं पाणी निघून जातं. ना मोटार, ना वीजबिल. खारटपणा सोसणारा कोरगुट नावाचा भात पावसाळ्यात इथं घेतात. आपल्याकडे साऱ्या जन्माची धडपड पाणी शेतात आणण्याची, इथं ते बाहेर ठेवण्याची. सिंचनाची इतकी कर्जं मंजूर केली, पण पाणी बाहेर ठेवण्यासाठी कोणी अर्ज केल्याचं आठवत नाही.

तो म्हणाला, ऑगस्टमध्ये बोंदेरां बघायला या. पूर्वी वाड्यावाड्यांत हद्दीवरून मारामाऱ्या व्हायच्या म्हणून पोर्तुगीज सरकारने हद्दीवर झेंडे रोवले, आणि लोकांनी त्या झेंड्यांनाच दगड मारले. आता त्याचा उत्सव झालाय, झेंड्यांची मिरवणूक निघते. मला आपल्या प्लॉटच्या मोजणीची आठवण झाली. दोन फुटांच्या कंपाउंडवरून आपण तीन सर्वसाधारण सभा घालवल्या आहेत. त्याचा उत्सव करण्याची कल्पना कोणाला सुचली नाही. कार्यकारिणीने विचार करावा.

पिएदादला उतरलो. टेकडीवर पांढरं चर्च आहे, तिथून नदी आणि पलीकडचं जुनं गोवं दिसतं. एका दुकानाच्या बाकावर चहा घेतला. आतापर्यंत सगळं ठीक होतं. गडबड पुढे झाली.

दुकानासमोर एक बाई स्कूटरवर आली, सामान घेतलं, आणि हिने तिला विचारलं, "नार्व्याच्या बोटीकडे जाता काय?" ती तिकडेच राहणारी होती, पण स्कूटरवर जागा एकीचीच. ही म्हणाली, "मी पुढे होतो. तुम्ही मागून या, बोटीजवळ बसतो." दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हणून पर्स माझ्या पिशवीत टाकली, आणि बसून गेलीसुद्धा. ३९ वर्षांच्या संसारात ती माझ्याआधी कुठे गेली नव्हती.

दहा मिनिटांनी एक मुलगा मोटारसायकलवर आला. या वेळी मी स्वतः हात दाखवला. नीट, खांद्यापर्यंत. तो थांबला. मी म्हटलं, "बोटीच्या धक्क्यावर सोडशील का बाळा?" तो म्हणाला, "बसा." मला फार बरं वाटलं. वारा लागत होता, रस्त्याच्या कडेला माड, जुनी घरं, त्यांच्या पुढे बलकाव. धक्का आला. मी उतरलो, आभार मानले, तो समोरच लागलेल्या बोटीत चढून निघूनही गेला. मी हिला शोधू लागलो. धक्क्यावर ही नव्हती. निवाऱ्याच्या बाकावर नव्हती. पाटी वाचली तेव्हा कळलं, की ही बोट रायबंदरला जाते.

या एवढ्याशा बेटाला तीन धक्के आहेत. दक्षिणेच्या अंगाला जुन्या गोव्याचा आणि रायबंदरचा, उत्तरेला नार्व्याचा. मी त्या मुलाला 'धक्का' म्हटलं, कोणता ते म्हटलं नाही. आयुष्यभर लोकांचे अर्ज अपूर्ण म्हणून परत केले, आणि स्वतः असा अर्ज भरला.

हिच्या पर्समध्ये पैसे, आणि तिचा मोबाईलही. दोन्ही माझ्या खांद्यावर. माझा नंबर तिला पाठ नाही. तिला माहेरचा लँडलाइन पाठ आहे, जो कधीच बंद झाला. चार वाजत आले होते. तिला वाटलं मी बोटीने पलीकडे गेलो, आणि ती गेली, तर? मी शोधायला निघालो आणि ती दुसऱ्या रस्त्याने परत आली, तर? बीपीची गोळीही माझ्याच पिशवीत.

आता खरा हात दाखवायची वेळ आली. आणि इथं बेटाचा दुसरा नियम कळला. धक्क्याकडे येणारा माणूस बोट गाठायच्या घाईत असतो, तो थांबत नाही. पण मला धक्क्यापासून उलट जायचं होतं, म्हणजे बोटीतून उतरणाऱ्यांना थांबवायचं. त्यासाठी बोट यायला पाहिजे. ती तर समोरच्या काठाला गेलेली. मी बाकावर बसलो.

त्या वीसेक मिनिटांत मला एक जुनी गोष्ट आठवली. ती मी हिलाही कधी सांगितली नव्हती.

१९८० नंतरची गोष्ट आहे. आपण अजून अकोला जिल्ह्यातच होतो, वाशिम जिल्हा व्हायचा होता. मी एका ग्रामीण शाखेत शेतीकर्ज बघत होतो. मोटारसायकलवर गावोगाव वसुली. एका संध्याकाळी परत येताना पिशवीत वसुलीची रोकड होती. रोकड जवळ असताना कोणाला गाडीवर घ्यायचं नाही, असा नियम होता. रस्त्यात एक माणूस उभा. खांद्यावर झोपलेलं पोर. त्याने हात केला. मी ओळखलं. आमचाच कर्जदार, थकबाकीदार, आठवड्यापूर्वी मीच त्याला नोटीस बजावली होती. मी गाडी हळू केली. त्याला वाटलं थांबतोय. तो दोन पावलं पुढे आला. आणि मी गेलो.

नियमात होतं, म्हणून कोणी मला दोष दिला नसता. पण मी नियमामुळे गेलो नाही. सात-आठ किलोमीटर त्याच्याशी काय बोलायचं, याची मला लाज वाटली. पुढच्या आठवड्यात तो हप्त्यातले थोडे पैसे भरायला आला. पावती घेताना म्हणाला, "साहेब, त्या दिवशी घाईत होते वाटते." टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. पोर कसं आहे, एवढंही मी विचारलं नाही.

बोट आली. पत्रा टेकला. मी रस्त्याच्या मधोमध नाही, पण जवळजवळ तसाच उभा राहिलो. पहिली मोटार गेली. दुसरी, तिसरी. एक स्कूटरवाला हळू झाला, मी दोन पावलं पुढे झालो, आणि तो फक्त खड्डा चुकवत होता. मला त्या माणसाची ती दोन पावलं आठवली. कोणाला सांगता येणार नाही इतकी स्पष्ट आठवली.

सगळ्यात शेवटी एक जुनी बजाज चेतक आली. चालवणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, अर्धी चड्डी, पांढऱ्या मिशा. मी हात करायच्या आतच थांबले. मी सगळं एका दमात सांगितलं: बायको, नार्वे, चुकीचा धक्का, मोबाईल, गोळी. त्यांना निम्मं कळलं असेल. "बस," एवढंच म्हणाले.

वाटेत पिएदादच्या वळणावर पाववाला सायकलवर भोंगा वाजवत चालला होता. त्याला तिथं पोदेर म्हणतात. चेतक थांबली, दोघांत कोकणीत काही बोलणं झालं. मग गृहस्थ मान मागे वळवून हिंदी-कोकणी मिसळून म्हणाले, हिरव्या साडीतली एक मराठी आजी नार्व्याच्या धक्क्यावर बसलीय, तिला सोडून आलेली बाई पोदेराला सांगत होती, की तिचा नवरा अजून पोचला नाही, कुठे दिसला तर पाठव.

मी बँकेत असताना एका शाखेचं पत्र दुसऱ्या शाखेत पोचायला चार दिवस लागायचे.

गृहस्थ पूर्वी बोटीवर नोकरीला होते, पंचवीस-तीस वर्षं परदेशी जहाजांवर. मी विचारलं, इथं अनोळखी माणसाला असं कोणीही घेतं? ते म्हणाले, जाणार कुठे? बोट तर एकच. मला त्याचा अर्थ नीट लागायला रात्र झाली. या बेटावर आज ज्याला तुम्ही सोडून गेलात, तो दहा मिनिटांनी त्याच बोटीत तुमच्या शेजारी उभा असतो. त्याच्याकडे पाहावं लागतं.

नार्व्याच्या धक्क्यावर ही दोन कोळणींबरोबर बसून त्यांच्या टोपलीतल्या तिसऱ्या निवडत होती. घरात कधी अंडं चढू दिलं नाही, तीच ही. मला पाहून म्हणाली, "आले काय? मी म्हटलं, येतीलच. रस्ता एकच तर आहे."

"रस्ते तीन आहेत," मी म्हटलं.

"मग इचारून यायचं ना जी."

मी आधी तिला गोळी दिली. मग त्या गृहस्थांकडे वळून शंभराची नोट पुढे केली. त्यांनी नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "तुमच्या गावात घेतात?"

मी म्हटलं, "नाही." आणि मग मनात आलं, की आमच्या गावात हा प्रश्नच येत नाही. ते "देव बरें करूं" म्हणाले आणि चेतकला किक मारून निघून गेले. वास्तविक ते मी म्हणायला हवं होतं.

पलीकडे गेलो, तेव्हा मंदिरात सांजवात लागत होती. मंदिर मोठं नाही. डोंगराच्या कुशीत, झाडीत, समोर दीपस्तंभ. हिने दारावरच्या शिलालेखाकडे इतका वेळ पाहिलं, की पुजाऱ्यांनी आत बोलावलं. परतताना मात्र बेट नको म्हटलं आणि नार्व्याहून डिचोली, डिचोलीहून पणजी अशा बसने गेलो. दोन्ही तिकिटं पूर्ण.

आता थोडं इथलं. या लेआउटमध्ये आपल्याला पंचवीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी इथं सात घरं होती, रस्ता नव्हता, आणि सगळ्यांत मिळून दोन स्कूटर. तेव्हा कोणाचं बाळंतपण असो की कोणाच्या मुलाची परीक्षा, त्या दोन स्कूटर कोणाच्या आहेत ते कोणी विचारत नव्हतं. आज परवा मी गच्चीवरून मोजलं, दुचाकी-चारचाकी मिळून एकावन्न वाहनं आहेत. आणि मागच्या ओळीतल्या एक काकू, नाव घेत नाही, त्या समोरच बसल्या आहेत, दर महिन्याला पेन्शनसाठी बँकेत पायी जातात. मी गेल्या महिन्यात त्यांना विचारलं, कोणाला सांगत का नाही? त्या म्हणाल्या, "सगळ्यांना आपापली घाई असते."

तेच वाक्य. "घाईत होते वाटते."

त्यांना मी काय सांगणार? मी स्वतः दिवाडीला जाईपर्यंत कोणाला हात दाखवला नव्हता. मुलगा पुण्याला, गुडघा हा असा, गाडी विकून टाकली. ऑटो मिळाला तर ठीक, नाही तर अपॉइंटमेंट पुढे ढकलायची. मागायचं नाही, यालाच मी स्वाभिमान समजत होतो.

दूध आटत आलंय, वास येतोय, त्यामुळे आवरतो. एकच सूचना आहे, आणि ती विषयपत्रिकेवर नव्हती, त्यासाठी अध्यक्षांची क्षमा मागतो. येत्या सोमवारी सकाळी मला डोळे दाखवायला अकोल्याला जायचं आहे. सव्वासहाची एसटी आहे. सहा वाजता मी आपल्या फाटकाशी, दिव्याच्या खांबाखाली उभा राहीन. बसस्टँडकडे जाणारं कोणी असेल तर बघा. पिशवी छोटी आहे. हात मी दाखवीनच.